दुसरा कॅन

शनिवारी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी अनिसेतासने कोठाराच्या भिंतीवरचं ढवळायचं लाकडी वल्हं उतरवलं आणि सून रायमोंदाच्या हातात दिलं. मुलगा एलिगियुस तेव्हा दारातच उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या, त्यामुळे त्याला हात पुढे करता आला नसता हे खरं. पण वल्हं आपल्या दिशेने वळलंच नाही, हेही त्याने पाहिलं.

जूनचा दुसरा शनिवार होता. योनिनेसची रात्र, वर्षातली सगळ्यात लहान, जेमतेम नऊ दिवसांवर आली होती. मेदिनाय गावात त्या रात्री शेकोटीभोवती पन्नास-साठ माणसं जमतात आणि बियरचं पिंप अनिसेतासच्या घरून येतं. चाळीस वर्षं येत होतं. यंदा येईल की नाही, अशी कुजबुज मे महिन्यापासून सुरू होती, कारण फेब्रुवारीत म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला. उजवा हातही हलायला लागला, पण जड राहिला.

मेच्या अखेरीस एकदा दुपारी बीटच्या गार सुपाचा वाडगा पुढे सारून अनिसेतास म्हणाला, “या वेळची बियर रायमोंदा करेल. मी बसून सांगेन.”

“आणि मी?” एलिगियुसने विचारलं.

“तू पाणी आण, लाकडं फोड. तुला सवय आहे.”

विषय संपला. नंतर म्हातारा बटाट्यात मीठ कमी पडल्याचं बोलला.

सवय होतीच. नवव्या वर्षापासून एलिगियुसने या घरातल्या प्रत्येक बियरचं पाणी वाहिलं होतं, पिंपं घासली होती, दगड तापवले होते. एकतिसाव्या वर्षी तो नॉर्वेला मासे भरायच्या कारखान्यात गेला. आठ वर्षं तिथे काढली. घरी वर्षातून दोनदा यायचा. दोन वर्षांपूर्वी कायमचा परतला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपल्या बायकोत आणि बापात एक वेगळंच बोलणं तयार झालंय. रायमोंदा अर्धं वाक्य बोलायची, उरलेलं म्हातारा पुरं करायचा. तो आत आला की दोघं गप्प होत असते तर त्याला रागावता आलं असतं. ते गप्प व्हायचे नाहीत. बोलत राहायचे, आणि त्याला बसायला जागा करून द्यायचे, पाहुण्याला देतात तशी.

रायमोंदाने कसलाही डाव टाकलेला नव्हता. आठ वर्षं ती या घरात राहिली होती आणि तो राहिला नव्हता, एवढाच हिशेब होता. त्याला तो कळत होता. कळून काही फरक पडत नव्हता.

कोठारात रायमोंदा पिंपाच्या तळाशी वाकली होती. तळाला भोक, भोकात लांब खुंटी. खुंटीभोवती रासबेरीच्या काड्या रचायच्या, त्यावर पेंढा, म्हणजे खालून रस गाळून येतो आणि धान्य वर राहतं.

“काड्या आडव्या ना, बाबा?”

“तुला काय वाटतं?”

“आडव्या. आणि एकीवर एक फुल्या.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“तुम्ही नुसते बसलाय म्हणून. कामाला लावते तुम्हाला.”

म्हातारा हसला. एलिगियुस बादल्या कढईत ओतत होता. ‘तुला काय वाटतं’ असं त्याला या कोठारात बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्याने आठवून पाहिलं. एकदाही नाही.

साडेसातला मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले जव पिंपात पडले, त्यावर गरम पाणी. रायमोंदा वल्हं फिरवत होती आणि एलिगियुस भट्टीतून लालभडक दगड चिमट्याने उचलून आणत होता. दगड आत गेला की पिंप फुरफुरायचं आणि भाजल्या पावाचा वास सुटायचा. आठव्या दगडाच्या वेळी शेजारचा झेनोनास कुंपणावरून आत आला. तो बोलावल्याशिवाय यायचा आणि सांगितल्याशिवाय जायचा नाही.

“काय रे, तू आज कोण? पाणक्या?”

“दिसतंय तर विचारतोस कशाला?”

“नाही, नॉर्वेत म्हणे हाताखाली माणसं होती. इथे बायकोच्या हाताखाली. बढती म्हणायची का?” मग तो पिंपाकडे वळला. “रायमोंदा, जरा चाखू दे.”

“एक दगड उचलून आणा काका, मग चाखा.”

“बघ अनिसेतास, आत्तापासून मालकीण. कुठून शोधलीस ही? स्वतःची मुलगी असती तरी इतकी तयार झाली नसती.”

“मुलगीच आहे,” म्हातारा म्हणाला.

एलिगियुसच्या चिमट्यातला दगड जरा उंचावरून पडला. गरम शिंतोडे रायमोंदाच्या मनगटावर उडाले. तिने हात झटकला, पण वल्हं सोडलं नाही.

“हळू,” म्हातारा म्हणाला. “घाईचा हात.”

हेही तो नवव्या वर्षापासून ऐकत होता.

“तेवीस तारखेला आम्ही तहानलेले येणार,” झेनोनास निघताना म्हणाला. “पिंप नसेल तर एलिगियुस नॉर्वेची मासळी वाटेल. काय रे?”

एलिगियुस पुढचा दगड आणायला भट्टीकडे वळला. रायमोंदा मात्र हसली. हसली ती झेनोनासला, नवऱ्याला नाही, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावरही बरं वाटलं नाही.

साडेअकराला खुंटी सैल केली. पहिला रस गढूळ आला, तो परत वर ओतला. मग तांबूस, स्वच्छ धार लागली. हॉपच्या कडू फुलांचा वेगळा उकळलेला काढा त्यात मिसळला. दुधाचा चाळीस लिटरचा कॅन साडेबाराला भरला. एलिगियुसने तो तळ्यावर नेला आणि दोरीने बांधून गळ्यापर्यंत पाण्यात सोडला. एका कॅनला निवायला निदान तीन तास लागतात. दुसराही लगेच भरायला हवा होता, पण पेंढा दबला आणि धार दोऱ्याएवढी झाली. रायमोंदा गुडघ्यांवर बसून खुंटी हलवत होती. “ओढू नकोस, फिरव,” म्हातारा सांगत होता. “तिला वाटलं पाहिजे की आपल्याच मनाने निघते आहे.” ती फिरवत राहिली. त्या दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती.

एक वाजता म्हाताऱ्याने तिला विहिरीवर पाठवलं. विरजणाची बरणी तिथे दोरीला टांगलेली असते, पाण्याच्या वीतभर वर. दही लावायला घरात विरजण असतं तसं हे बियरचं. अनिसेतासच्या आजोबांच्या आधीपासून एका बियरमधून दुसरीत चालत आलेलं. बरणी पूर्ण रिकामी करायची, असा या घरचा शिरस्ता आहे. मागे ठेवलं तर बियरवर भरवसा नाही असं होतं. नवी बियर तयार झाली की तिच्या तळाचं विरजण पुन्हा बरणीत. पूर्वी गावात सहा घरी हेच विरजण होतं. एकाचं बिघडलं तर दुसऱ्याकडून यायचं. आता झेनोनाससुद्धा दुकानातून पुडी आणतो.

रायमोंदाने बरणी मातीच्या चंबूत उपडी केली आणि वेगळा निववलेला वाटीभर रस त्यात घातला. तीन वाजता चंबूच्या तोंडाशी पिवळसर फेस आला. म्हाताऱ्याने चंबू कानाशी धरला, मग तिच्या कानाशी धरला.

“बोलतंय,” ती म्हणाली.

एलिगियुस समोर होता. चंबू त्याच्याकडे आला नाही.

तीन वाजून पाच मिनिटांनी दुसरा कॅन भरला. तो त्याने तळ्यात सोडला. पस्तीस मिनिटांनी कोठारातून हाक आली.

“आण रे दोन्ही. विरजण उतू जायला लागलंय.”

“बाबा, दुसरा कॅन आत्ताच...”

“आण म्हटलं की आणावं. विरजण तुझ्यासाठी थांबणार आहे का?”

त्याने पहिला कॅन ओढला. पत्रा हाताला गार लागला. दुसऱ्याची कडी धरली आणि सोडली. खिशातलं फडकं काढून कडीला गुंडाळलं, मग उचलला. तळ्यापासून कोठारापर्यंत एकशे दहा पावलं आहेत. ‘बाबा, हा कढत आहे,’ एवढं वाक्य त्या अंतरात दहा वेळा म्हणता आलं असतं. पहिल्या वीस पावलांत तो ते म्हणणार होता. मग त्याने उघड्या दारातून आत पाहिलं. म्हाताऱ्याने आपला जुना चामडी एप्रन सुनेच्या गळ्यात घातला होता आणि मागे गाठ मारू पाहत होता. उजवी बोटं गाठीला धड पकडत नव्हती. ती पाठमोरी उभी होती, मान झुकवून, अजिबात घाई न करता.

त्याने पहिला कॅन आंबवायच्या दुसऱ्या पिंपात ओतला. मग दुसरा. फडकं परत खिशात घातलं.

म्हाताऱ्याने उजवी बाही वर सरकवली. या घरात बाही वर गेली की बोलणं बंद, ते थेट झाकण बसेपर्यंत. विरजण घालताना कुणी बोललं तर ती बियर पिणारे आपसांत भांडतात, असं मानतात. एलिगियुस बारा वर्षांचा असताना अशा वेळी त्याच्या तोंडून एक शब्द निघाला होता. त्यानंतर वर्षभर बापाने त्याला कोठाराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता.

अनिसेतासने उजवं कोपर पिंपात बुडवलं. साठ वर्षं तो याच कोपराने रसाची ऊब बघत आला होता: नुकत्या काढलेल्या दुधाइतकी हवी, जास्त झाली तर विरजण मरतं. कोपर त्याने बराच वेळ आत ठेवलं. रायमोंदा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

त्या हाताला काही कळत नाही, हे घरात दोनच माणसांना माहीत होतं. एप्रिलमध्ये म्हाताऱ्याने तापलेल्या चुलीवर तोच तळवा टेकला आणि कातडी करपल्याचा वास येईपर्यंत उचलला नाही. एलिगियुसने तो ओढून घेतला, पाण्याखाली धरला, पट्टी बांधली. “रायमोंदाला सांगू नकोस,” बाप म्हणाला होता. “ती मला कशालाच हात लावू द्यायची नाही.” दोन वर्षांत बापाने एकट्या त्याच्या हवाली केलेली ही एकच गोष्ट होती.

खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पिंपावर वाफेची बारीक रेघ दिसत होती. म्हाताऱ्याने कोपर बाहेर काढलं आणि मान डोलावली. कोपर लाल झालं होतं. रायमोंदाने चंबू उचलला. बुडबुडणारं विरजण तिने पिंपाच्या मधोमध, गोल फिरवत, सावकाश ओतलं. चंबूतला शेवटचा थेंब बोटाने निपटला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात तिने एकदाही नवऱ्याकडे पाहिलं नाही.

झाकण बसलं.

“आता बोला,” अनिसेतास म्हणाला.

रायमोंदाने त्याचा उजवा हात हातात घेतला. म्हाताऱ्याने आधी खाली पाहिलं, आपला हात तिच्या हातात आहे हे बघितलं, आणि मग हसला.

“तूही काहीतरी बोल की,” ती एलिगियुसला म्हणाली.

“चांगलं झालं,” तो म्हणाला.

संध्याकाळी सातला तिने पिंपाला कान लावला. काही ऐकू आलं नाही. “लाजतंय,” अनिसेतास म्हणाला. “माझी पहिली बियर दहा तास गप्प होती. आई म्हणाली, ही बियर लग्नाची की मयताची?” दोघं हसली. झाकण बियर करणाऱ्यानेच, आणि तेही सकाळीच उघडायचं असतं, म्हणून पिंप तसंच राहिलं. एलिगियुस अंगणात कॅन घासत होता. विरजणाची बरणी रायमोंदाने धुऊन कुंपणाच्या खांबावर उपडी घातली होती. त्याच विरजणासाठी गावातलं एकेक घर त्याने मनात धुंडाळलं. एक आयर्लंडला गेलं, दोन स्मशानात, दोन पुडीवाले. कॅन घासून झाले तरी तो घासत होता. मग त्याला अपोलोनिया आठवली. अकरा किलोमीटरवर राहते. नवऱ्याच्या सत्तरीसाठी तिने पाच वर्षांपूर्वी बरणीभर विरजण नेलं होतं, असं रायमोंदाने कधीतरी नॉर्वेला फोनवर सांगितलं होतं.

रविवारी साडेपाचला, घरातली दोघं उठायच्या आत, त्याने गाडी काढली.

अपोलोनिया बदकांना दाणे टाकत होती. ती त्याला लगेच ओळखू शकली नाही.

“अनिसेतासचा ना तू? नॉर्वेवाला. म्हातारा गेला की काय?”

“नाही मावशी. विरजण हवं होतं थोडं.”

“विरजण? तुमच्या घराला? आणि ते माझ्याकडे मागायला आलास?”

“आमचं कमी पडेल असं वाटतं.”

“बियर केव्हा घातली?”

“काल दुपारी.”

“मग झाकण अजून उघडलं नसेल.”

“नाही.”

“आणि कमी पडलं हे तुला कळलं.”

त्याने बदकांकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग टोपली खाली ठेवली आणि विहिरीकडे चालायला लागली.

“माझा ब्रोनियुस गेल्यापासून या दोरीला मी हात लावलेला नाही,” ती म्हणाली. “ओढ तूच. जिवंत असेल तर घेऊन जा. मेलेलं असेल तर मला येऊन सांगू नकोस.”

बरणीवर शेवाळ धरलं होतं. आत वर काळपट पाणी आणि खाली करडा थर. वास आंबट पावाचा होता, कुजका नव्हता. परतताना त्याने बरणीला शेजारच्या सीटचा पट्टा लावला. वाटेत दोनदा त्याला वाटलं की ती रस्त्याकडेला ओतून द्यावी आणि घरी जाऊन इतरांबरोबर नवल करावं. तेही जमलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

सात वाजून दहा मिनिटांनी तो पोचला. रायमोंदा कोठाराच्या उंबऱ्यावर बसली होती. एप्रन गळ्यात होता. आत म्हातारा तिपाईवर, आणि पिंपाचं झाकण भिंतीला टेकवलेलं. पिंपात फेस नव्हता. वरचा पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट होता आणि वास अजून गोडच येत होता.

तिने त्याच्या हातातली बरणी पाहिली.

“हे काय?”

“अपोलोनियाकडचं. आपलंच आहे, पाच वर्षांपूर्वीचं.”

“केव्हा निघालास?”

“साडेपाचला.”

“मी झाकण सातला उघडलं.”

ती थांबली. तिला थांबता यायचं. तेच तर म्हाताऱ्याने तिच्यात पाहिलं होतं.

“दुसरा कॅन कढत होता,” तो म्हणाला.

“किती?”

“कडीला फडकं गुंडाळून उचलला.”

“बाबांनी कोपर घातलं होतं.”

“त्या हाताला काही कळत नाही. चुलीवर भाजला तेव्हाही कळलं नाही. एप्रिलपासून मला माहीत आहे.”

आत तिपाई करकरली.

“बोलायला मनाई होती, पोरी,” अनिसेतास आतून म्हणाला. “त्याने नियम पाळला.”

हे तो मुलाची बाजू घेऊन म्हणाला की टोमणा मारून, यावर नवरा-बायकोचं नंतरही एकमत झालं नाही.

“कुणासाठी पाळला?” रायमोंदा म्हणाली. उत्तराची वाट न पाहता तिने बरणी त्याच्या हातून घेतली. वरचं काळपट पाणी ओतून टाकलं. पिंपातला रस चंबूत घेतला, बाही सरकवून स्वतःचं कोपर त्याला लावलं, आणि करडा थर चमच्याने त्यात सोडला. चंबू तिने उन्हाच्या खिडकीत ठेवला.

“मी काही करू?” एलिगियुसने विचारलं.

“गप्प बस. ते तुला येतं.”

तो दाराच्या आत, भिंतीला टेकून उभा राहिला. तिने त्याला जा म्हटलं नाही. म्हातारा तिपाईवरून उठला, खिडकीशी गेला आणि चंबूला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग काही न सांगता परत येऊन बसला.

रविवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी चंबूतल्या करड्या थराला मधोमध एक चीर गेली होती आणि एक बुडबुडा वर येऊन कडेला चिकटला होता. तो विरजणाचा होता की ओतताना अडकलेल्या हवेचा, हे खिडकीपाशी जमलेल्या तिघांपैकी कुणीच बोललं नाही.